डिग्री हातात आहे, पण कामावरची माहिती कुठून काढायची हे कोण शिकवणार?

तापीकाठ

जळगाव एमआयडीसीत पाईपच्या कारखान्यात क्वालिटी विभाग सांभाळतो. दरवर्षी निकाल लागले की नवी भरती येते. बीई, डिप्लोमा, बीएस्सी केमिस्ट्री. भुसावळ, चोपडा, पाचोरा, शहाद्याकडची पोरं-पोरी. सुरुवातीचे काही महिने ती माझ्याच टेबलासमोर असतात. त्यांना नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही, हे आधीच सांगतो. पोरं कष्टाळू आहेत, एक्सेल माझ्यापेक्षा चांगलं चालवतात.

यंदाचा किस्सा ऐका. पाणीपुरवठा योजनेच्या एका ऑर्डरसाठी पीव्हीसी पाईपच्या चाचण्यांचा तक्ता हवा होता. या पाईपचं भारतीय मानक आयएस ४९८५. चांगल्या मार्कांनी पास झालेल्या एका मुलाला म्हटलं, मानक काढ आणि तक्ता बनव. चहा संपायच्या आत घेऊन आला. सुबक, रंगीत, शीर्षक वगैरे टाकून. फक्त तक्ता २००० सालच्या आवृत्तीवरून केलेला. २०२१ ला सुधारित आवृत्ती आली आहे. नेटवर जुन्या मानकांच्या स्कॅन केलेल्या प्रती भरपूर पडल्या आहेत, त्यातली पहिली दिसली ती याने उघडली. विचारलं, ‘ही प्रत कधीची?’ तर म्हणतो, ‘सर, पीडीएफ आहे ना.’

साल पहिल्याच पानावर छापलेलं होतं. आणि भारतीय मानक ब्यूरोच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की चालू आवृत्ती, तिच्या दुरुस्तीपत्रकांसकट, फुकट मिळते. ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, हेही खरं.

माझा प्रश्न एवढाच. इतकी वर्षं असाइनमेंट, सेमिनार, प्रोजेक्ट केल्यावर ‘हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, अजून लागू आहे का’ हे बघायची सवय हाताला का लागत नाही? कॉलेजचं चुकतं, की आमच्यासारख्यांचं?

भरीत पार्टी

आमच्या वेळी तर पीडीएफ पण नव्हती. झेरॉक्सवाल्याकडे सिनियरचं प्रोजेक्ट मिळायचं, पहिलं पान बदललं की झालं. आता फक्त झेरॉक्सवाला बदलला.

एमकॉम धुळे

तापीकाठ दादा, एक विचारू? त्या मुलाने तुम्हाला आधीच विचारलं असतं, ‘सर, कुठली आवृत्ती घेऊ?’ तर तुम्ही काय म्हणाला असता? तुम्ही कदाचित नीट सांगितलं असतं. पण बहुतेक ठिकाणी ‘एवढंही माहीत नाही का, काय शिकून आलीस?’ हेच ऐकावं लागतं.

मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात आहे. पदवीधरांना महिन्याला १०,००० विद्यावेतन मिळतं ती योजना. पहिल्याच आठवड्यात एक प्रस्ताव हातात दिला आणि सांगितलं, ‘नियमानुसार टिपणी टाक.’ कुठला नियम? शेजारच्या टेबलावर विचारलं तर म्हणे ‘साहेबांना विचार.’ साहेब म्हणाले ‘मागची फाईल बघ.’ मागची फाईल ज्यांच्या कपाटात, ते रजेवर. कॉलेजात प्रश्न छापून यायचा, पंधरा मार्कांचा आहे तेही कळायचं. इथे प्रश्न काय आहे हेच शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि उत्तर एखाद्या माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस सांगेल की नाही हे त्याच्या मर्जीवर.

माहिती असूनही दाबून ठेवणारे लोक आहेत, दादा. त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

तापीकाठ

ताई, प्रश्न बरोबर आहे. आमच्याकडेही असे नमुने आहेत. सेटिंगचा कागद खिशात ठेवून फिरणारे.

जुना फोरमन

आते माले बोलनंच पडी. मन्हं समदं आयुष्य एक्स्ट्रूडरवर गयं. पोरं हुशार शेतस, पन इचारतस नही. इचाराले लाज कसाले?

अहिराणी सोडून पुढचं सगळ्यांना कळेल असं लिहितो, नाहीतर मॉडरेटर ओरडतील.

एक्स्ट्रूडर म्हणजे पाईप काढायचं मशीन, त्याचं मॅन्युअल आहे. तापमान किती, वेग किती, सगळं लिहिलेलं. पण रेझिनची, म्हणजे कच्च्या प्लास्टिकची, खेप बदलली, पावसाळ्यात माल ओलसर आला, लाईट जाऊन परत आली, की मॅन्युअलच्या आकड्यांवर पाईप नीट निघत नाही. मोटरचा आवाज जड होतो, पाईपच्या अंगाला खरबरीतपणा येतो, वास बदलतो. ते कानाला आणि बोटाला कळतं. नवा इंजिनिअर स्क्रीनकडे बघत बसतो, स्क्रीन म्हणते सगळं ठीक. मी मागे उभा असतो. विचारलं तर सांगेन ना! पण तो मोबाईलवर शोधतो. माझ्या मशीनचा आवाज मोबाईलला काय माहीत?

आणि धुळ्याच्या ताईला सांगतो, खिशात कागद ठेवणारे आहेत, मी नाही म्हणत नाही. ज्याला चाळिशीनंतर कधीही घरी बसवतील अशी भीती असते, तो शेवटचा कागद सोडत नाही. मालकाने त्याचा जीव निर्धास्त केला तर कागद आपोआप भिंतीवर लागेल.

सरकी

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, हिशेब बघतो. आमच्याकडे नव्या पदवीधराला आकडा सापडतो, पण तो आकडा कशाचा ते तो विचारत नाही. कापसात तर यात माणूस बुडेल.

सकाळी मोबाईल उघडला की एकाच वेळी चार भाव दिसतात. शेतकऱ्याचा कापूस क्विंटलने. सरकी काढलेल्या कापसाचा, म्हणजे रुईचा, भाव खंडीने, आणि खंडी म्हणजे ३५६ किलो. गाठ असते १७० किलोची. गुजरातचे बाजार कापूस मणाने सांगतात, तो मण २० किलोचा. न्यूयॉर्कचा वायदा पौंडाला किती सेंट असा. नवा मुलगा रुईचा खंडीचा भाव आणि कापसाचा क्विंटलचा भाव शेजारी शेजारी लिहून ‘साहेब, एवढं मार्जिन?’ म्हणून डोळे मोठे करतो. अरे बाबा, उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, ३४ टक्के धरला तर एक खंडी रुई काढायला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. शिवाय सरकी विकली जाते तिचे पैसे वेगळे धरायचे, घट वेगळी.

दुसरं म्हणजे हमीभाव. ‘कापसाला ८,११० भाव’ असा मेसेज फिरतो. तो २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव. मध्यम धाग्याचा ७,७१०. आदल्या हंगामात हेच आकडे ७,५२१ आणि ७,१२१ होते. आणि हमीभाव मिळतो सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर, ओलावा त्यांच्या मर्यादेत असेल तर. गावातल्या खेडा खरेदीत व्यापारी काय देतो ते त्याचं त्याचं. आकडा एकच, पण साल, प्रत आणि ठिकाण गळून गेलं की तो खोटा होतो. हे बीकॉमच्या कुठल्या पेपरात आहे? असेल तर सांगा, मी परत ॲडमिशन घेतो.

हिशेबनीस अमळनेर

सरकी भाऊंच्या आकड्यांसारखाच तारखांचा घोळ. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली. ठिबक संचावरचा कर १२ वरून ५ टक्के होणार, असं दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरात आलं. आमच्या ओळखीच्या एका दुकानात नव्या अकाउंटंटने त्याच दिवशी पाच टक्क्यांनी बिलं फाडायला सुरुवात केली. गिऱ्हाईक खूश. पण परिषदेने शिफारस केली ३ तारखेला, अधिसूचना निघाली १७ ला, आणि दर लागू झाला २२ सप्टेंबरपासून. मधल्या बिलांचा फरक दुकानदाराच्या बोकांडी.

बातमी खोटी नव्हती, ‘२२ पासून’ हेही तिच्यात होतं. पोराने मथळा वाचला. कराच्या बाबतीत पेपर वाचून फक्त सावध व्हायचं, काम करायचं ते अधिसूचनेवर, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवलं पाहिजे.

केळीबाग

सातबाऱ्याचंही लिहा कोणीतरी. पतसंस्थेत नव्या लागलेल्या पोरीने महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरचा फुकटचा उतारा कर्जप्रकरणाला लावला. त्याच्यावरच लिहिलेलं असतं की हा फक्त माहितीसाठी, कायदेशीर कामाला चालणार नाही. डिजिटल सहीचा वेगळा, १५ रुपये भरून काढायचा. दिसायला दोन्ही सारखेच.

ग्रंथपाल यावल

धागा वाचून राहवलं नाही. महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे थोडी आमचीही बाजू.

ज्या कौशल्याबद्दल तुम्ही सगळे बोलताय त्याला आमच्या शास्त्रात माहिती साक्षरता म्हणतात. गंमत अशी की ही कल्पना जन्मली तीच कामाच्या जागेसाठी. १९७४ साली पॉल झुरकोव्स्की यांनी अमेरिकेच्या ग्रंथालयविषयक राष्ट्रीय आयोगाला एक अहवाल दिला, त्यात ती पहिल्यांदा मांडली गेली. ते ग्रंथपाल नव्हते, माहितीचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. आपल्या कामातले प्रश्न सोडवायला माहितीची साधनं वापरता येणारा माणूस, असा त्यांचा सरळ अर्थ होता. पुढे ती कल्पना आम्ही ग्रंथालयवाल्यांनी उचलली, विद्यापीठांत नेली, तिचे निकष केले आणि हळूहळू तिचा अर्थ ‘जर्नलमधला लेख शोधणे आणि संदर्भसूची नीट लिहिणे’ एवढाच उरला. कारखाना आणि कचेरी मागे पडली.

दुसरं. २०१२ मध्ये प्रोजेक्ट इन्फर्मेशन लिटरसी या अमेरिकन संशोधन गटाने २३ नोकरी देणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या ३३ जणांशी बोलले. मालकांचं म्हणणं जवळजवळ आपल्या फोरमन नानांचंच. पोरं संगणकावर भराभर शोधतात, पण पहिल्या पानावर जे सापडेल तिथे थांबतात. फोन उचलत नाहीत, शेजारच्याला विचारत नाहीत, जुन्या फायली चाळत नाहीत. आणि पदवीधरांचं म्हणणं आपल्या धुळ्याच्या ताईचं. काम अर्धवट सांगतात, मुदत तासांत असते, कॉलेजसारखं कोणी समजावून देत नाही. अमेरिका असो की अवधान एमआयडीसी, रडगाणं तेच.

नानांच्या मशीनच्या आवाजाबद्दल तर मुद्दाम सांगते. ऑस्ट्रेलियात ॲनमरी लॉइड या संशोधिकेने अग्निशमन जवानांचा अभ्यास केला. भरती झालेले जवान आधी पुस्तकं, नियम, कार्यपद्धती शिकतात. पण आगीसमोर उभं राहिल्यावर धुराचा रंग, अंगाला लागणारी धग आणि शेजारचा अनुभवी जवान यांच्याकडूनही माहिती ‘वाचावी’ लागते, तेव्हा कुठे तो खरा जवान होतो. म्हणजे नाना, तुमचा कानही एक संदर्भग्रंथच आहे, आणि तो वाचायला शिकवणं हीसुद्धा माहिती साक्षरताच.

आता आमचं कुठे चुकतं ते. आम्ही ग्रंथालयाची ओळख करून देतो प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा मुलांना कॅन्टीन कुठे आहे यात जास्त रस असतो. शेवटच्या वर्षाला, जेव्हा नोकरी दारात उभी असते, तेव्हा कोणी ग्रंथालयाकडे पाठवत नाही. आणि पदवी मिळाली की एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं देणाऱ्या सेवेचं, लॉगिन बंद. इतकी वर्षं ज्या विहिरीवर पाणी भरलं तिचा दोर निरोप समारंभाच्या दिवशी कापून घ्यायचा, अशी ही रीत. २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ सुरू झाली, १३,००० च्या वर नियतकालिकं, पण ती सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांमधल्यांसाठी. एमआयडीसीतल्या पोराला त्याचा उपयोग नाही. त्याला शोधगंगा, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधांचा संग्रह, आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय उघडं आहे, ते तरी सांगून पाठवायला हवं.

तापीकाठ

ग्रंथपाल ताई, हे वाचून बरंच डोक्यात उतरलं. आमच्याकडे इंडक्शनला तीन दिवस पीपीटी दाखवतात. कंपनीचा इतिहास, सेफ्टी, गणवेश, सुट्ट्या. माहिती कुठे असते यावर एक स्लाईड नाही.

भरीत पार्टी

एवढा काथ्याकूट कशाला? आता चॅटजीपीटी आहे. विचारा, उत्तर घ्या, कामाला लागा. पुढच्या दोन वर्षांत हा धागा लोक हसत वाचतील.

हिशेबनीस अमळनेर

हसतील खरे. न्यूयॉर्कच्या वकिलांना २०२३ च्या जूनमध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोकला, कारण चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले त्यांनी तसेच कोर्टात सादर केले आणि ते खटले कधी झालेलेच नव्हते. ते तर शिकलेसवरलेले वकील. आमच्याकडचं पोरगं अधिसूचनेचा क्रमांक विचारेल आणि यंत्र क्रमांक देईल, अगदी तारखेसकट. खरा आहे का ते बघायला परत मूळ संकेतस्थळावरच जायचं आहे.

तापीकाठ

मी वापरू नका म्हणत नाही. इंग्रजी ईमेल सुधारायला, मानकातली किचकट भाषा समजून घ्यायला पोरं वापरतात, चांगलं काम होतं. पण गिऱ्हाईकाचं ड्रॉइंग आणि आमचे चाचणीचे निकाल बाहेरच्या यंत्रात टाकलेले चालत नाहीत. हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं, कारण कॉलेजात लपवण्यासारखं काही नसतं. तिथे माहिती जितकी वाटाल तितकी चांगली. इथे काय वाटायचं आणि काय नाही, हे नव्याने शिकावं लागतं.

मास्तर चाळीसगाव

मी शिकवतो, म्हणून थोडी शिव्यांची तयारी ठेवून लिहितो.

दर वर्षी एक साधा प्रयोग करतो. वर्गाला सांगतो, जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या लिहून आणा, कुठून घेतली तेही लिहा. निम्मा वर्ग चालू सालचा आकडा आणतो, शेवटच्या अंकापर्यंत. मी विचारतो, मोजली कोणी? २०११ नंतर देशात जनगणनाच झालेली नाही. २०२१ ची लांबली, आता होणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मोजलेला शेवटचा आकडा ४२ लाख २९ हजार ९१७, तो २०११ चा. बाकीचे सगळे अंदाज. अंदाज वापरायला हरकत नाही, पण अंदाज म्हणून वापरा आणि कोणाचा अंदाज ते सांगा. मुलं त्या दिवशी थोडी गप्प होतात. पुढच्या असाइनमेंटला परत तेच करतात.

कारण काय? कारण गुण उत्तराला आहेत, शोधण्याला नाहीत. मी संदर्भ न दिल्याबद्दल मार्क कापले की मुलं म्हणतात, दुसरे सर कापत नाहीत. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, प्रत्येकाचा स्रोत तपासायचा म्हटलं तर माझी संध्याकाळ जाते. तरी करतो, पण सगळ्यांकडून ही अपेक्षा ठेवता येणार नाही.

एक चांगली गोष्ट झाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आलं, चार क्रेडिटचं. म्हणजे मूल कॉलेजात असतानाच कामाच्या जागी जातं, अडलं तर परत येऊन आम्हाला विचारू शकतं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात किती मुलं मामाच्या दुकानाचा शिक्का मारून प्रमाणपत्र आणतात, हे इथे लिहीत नाही. तापीकाठांसारख्यांनी वर्षाला पाच मुलं जरी खरीखुरी घेतली आणि त्यांना पाणी भरायला न लावता एक शोधायचं काम दिलं, तरी फरक पडेल.

एमकॉम धुळे

सर, मामाचं दुकान नसलेल्या मुलींचं काय, ते पण लिहा कधीतरी. एमआयडीसीत मुलगी एकटी जाईल म्हटलं की घरून नकार. म्हणून मग सरकारी कार्यालय.

माझ्या मूळ प्रश्नावर कोणी बोललंच नाही. मला शासन निर्णय शोधून टिपणी टाकायची आहे. संकेतस्थळावर विषय टाकला तर ढीगभर निघतात. कुठला चालू, कुठला रद्द?

निवृत्त अव्वल कारकून

ताई, याचं उत्तर मी देतो, आयुष्यभर हेच केलं.

शासन निर्णय उघडला की आधी मजकूर वाचायचा नाही. वर ‘वाचा’ म्हणून यादी असते, तिथून सुरुवात करायची. ज्या जुन्या निर्णयांच्या आधाराने हा काढला ते सगळे तिथे क्रमांक आणि तारखेसकट असतात. ते एकेक करून काढायचे, त्यांच्या ‘वाचा’ मधले परत काढायचे. असं मागे मागे गेलं की मूळ निर्णय सापडतो. मग प्रस्तावना, म्हणजे सरकारला हे का करावंसं वाटलं. मग खालचा निर्णय. ‘अधिक्रमित करून’ हे शब्द दिसले की समजायचं, जुना गेला. ‘अंशतः बदल करून’ दिसलं तर जुना जिवंत आहे, त्याचा एखादा परिच्छेदच बदलला, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे.

आता खरी मेख. ही यादी फक्त मागे नेते. २०१५ चा निर्णय हातात असेल तर तो तुम्हाला कधीच सांगणार नाही की मला २०१९ ला रद्द केलंय. कागदाला पुढचं दिसत नाही. म्हणून त्याच विभागाचे, त्याच विषयाचे, त्या तारखेनंतरचे सगळे बघायचे, शुद्धिपत्रकं धरून. एका शब्दाचं शुद्धिपत्रक पूर्ण प्रस्ताव फिरवतं, असं मी पाहिलं आहे. आणि विषयाचे शब्द बदलून शोधायचं. ‘अनुदान’ टाकून नाही मिळालं तर ‘अर्थसहाय्य’, ‘साहाय्य’, ‘सहाय्यक अनुदान’. सरकारी भाषेत एका गोष्टीला चार नावं.

व्हॉट्सॲपवर आलेला निर्णय असेल तर खालचा संकेतांक बघायचा, लांबलचक अंकी असतो, तो संकेतस्थळावर टाकायचा. निघाला तर खरा. नाही निघाला तर हात लावायचा नाही. शिक्षकांच्या बदल्यांचे खोटे निर्णय गावभर फिरलेले आहेत.

एवढं सगळं करून झालं की मग त्या रजेवरून आलेल्या माणसाकडे जायचं, आणि ‘नियम काय आहे’ असं विचारायचं नाही. ‘भाऊसाहेब, १५ चा आणि १९ चा काढलाय, यानंतरचा आहे का?’ असं विचारायचं. तयारी करून आलेल्या माणसाला कोणी उडवून लावत नाही. झालंच तर तो स्वतःचं कपाट उघडतो, कारण त्यालाही दाखवायचं असतं की त्याच्याकडे काय काय आहे.

एमकॉम धुळे

आबा, साष्टांग नमस्कार. हे छापून टेबलावर लावते.

जुना फोरमन

कारकून साहेबांनी बरोबर सांगितलं. माझ्याकडे येऊन ‘मशीन का बिघडलं’ विचारलं तर मी काय सांगू? ‘नाना, रेझिनची खेप मंगळवारी बदलली, तेव्हापासून खरबरीत येतंय, तापमान वाढवून बघितलं, फरक नाही’ असं म्हणाला तर मी जेवण सोडून येईन.

सरकी

पण नाना, नव्या पोराला काय काय बघून ठेवायचं हे तरी कळायला पाहिजे ना? खेप बदलली ही गोष्ट महत्त्वाची आहे हे तुम्हाला माहीत, त्याला नाही. मग तो तयारीचा प्रश्न आणणार कुठून? पहिल्यांदा तो बावळट प्रश्नच विचारणार. तो ऐकून घेतला तर दुसरा बरा येईल.

जुना फोरमन

हा बी मुद्दा शे.

तापीकाठ

बरं, ठरवतो काहीतरी. पुढच्या तुकडीला इंडक्शनचा एक दिवस कापून शिफ्ट रजिस्टर वाचायला बसवणार. मागच्या वर्षभरात लाईन कुठे कुठे थांबली, काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते नाना आणि दोघा-तिघा जुन्यांकडे जाऊन विचारून भरायचं, खाली त्यांचं नाव टाकायचं. म्हणजे माहिती कोणाची हेही राहील, आणि जुन्यांनाही वाटेल की आपलं नाव कुठेतरी लागलं. मालकांना सांगायला एकच भीती आहे, रजिस्टर वाचल्यावर ते मेंटेनन्सवाल्यांना धरतील. तेव्हा ‘शिक्षणासाठी आहे, चौकशीसाठी नाही’ असं आधी लिहून घेणार.

ग्रंथपाल ताई, मानकं आणि अधिसूचना कशा शोधायच्या यावर एक सत्र घ्याल का? यावल काही लांब नाही.

ग्रंथपाल यावल

येईन की. शनिवार ठेवा. पीपीटी लावणार नाही, पण प्रत्येकासमोर संगणक आणि चालू इंटरनेट हवं. आणि एक विनंती, मला दोन दिवस आधी तुमच्याकडचे खरे अडलेले प्रश्न पाठवा, मी घरून बनवून आणलेले नकोत. येताना आमच्या शेवटच्या वर्षाची काही मुलं आणली तर चालेल ना? प्राचार्यांची परवानगी मी बघते.

तापीकाठ

चालेल. गेटपाससाठी आधारची झेरॉक्स आणि पायात बंद बूट. चप्पल घालून आले तर सिक्युरिटी आत सोडत नाही, हे त्यांना नक्की सांगा.

केळीबाग

मुलांसाठी भरीत-पुरीची सोय माझ्याकडे लागली. भरीत पार्टी यांना मात्र चॅटजीपीटीकडून मागवावं लागेल.